लाल बटण माझ्याकडे

१२ जुलै, शनिवार

अडकले. रोबोटिक्सच्या टीममध्ये. मी.

काल लॅब सुटल्यावर नेहमीसारखी मागे थांबून सगळ्या टेबलांची बटणं बंद करत होते. फिजिक्सच्या डिमेलो मिस दारात उभ्या होत्या, मला दिसल्याच नाहीत. "रोज करतेस हे?" हो म्हटलं. "कोणी सांगितलं?" कोणी नाही. "मग का?" खोटं पटकन सुचलं नाही म्हणून खरं सांगितलं, भीती वाटते. चालू राहिलं आणि आग लागली तर. वाटलं हसतील. म्हणाल्या, "गुड. उद्या टीमला ये. नववीतलं कोणीतरी पाहिजेच होतं."

भित्री म्हणून निवड झालेली मी जगातली पहिलीच असेन.

आईचा पहिला प्रश्न, "त्यात करंट असतो का?" बाबांचा, "भित्री भागूबाई रोबो बनवणार? तो रोबोच घाबरून पळेल गं." आणि स्वतःच्याच विनोदावर खूप वेळ हसले. मला कुकरची भीती वाटते, लिफ्टची वाटते, गेटवरच्या काळ्या कुत्र्याची, वर्गात उभं राहून उत्तर द्यायची, अनोळखी नंबर उचलायची. आईला याच्या दुप्पट गोष्टींची वाटते. घरात फक्त बाबांना कशाचीच वाटत नाही. मला त्याचीही थोडी भीती वाटते.

१९ जुलै, शनिवार

टीमचा गाळा पाहिला. हाटकेशला, प्रणितच्या काकांचा. पुढे स्टीलचे डबे ठोकायचं काम चालतं, मागची अर्धी जागा आम्हाला. प्रणित दहावीतला, काशीगावचा. त्यांची पूर्वी मिठागरं होती, आता गाळे आहेत. हर्ष पण दहावीतला, तो कॅप्टन, रिमोट त्याच्या हातात. आयेशा कोडिंग करते, लॅपटॉप सोडून कोणाशी फारसं बोलत नाही. आणि मी.

रोबोचं नाव बंड्या. चार चाकं, अॅल्युमिनियमच्या पट्ट्या आणि एक लांब हात. जमिनीवरच्या रिंगा उचलायच्या आणि खांबात टाकायच्या, एवढंच त्याचं आयुष्य. पण तो हात वर जातो तो असा फटकन की मी दोनदा भिंतीला चिकटले.

माझं काम: साबणाच्या वडीएवढी डबी, तिच्यावर लाल बटण. (पुढे ला.ब. लिहीन.) ते दाबलं की बंड्या असेल तिथे मरतो. बंड्या चालू असेपर्यंत ला.ब. माझ्या हातात. मी ओरडायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत, रिंगा मोजायच्या नाहीत. दाबलं की बाकी सगळ्यांनी दोन्ही हात वर करून तळवे दाखवायचे. आणि दाबणाऱ्याला "का" विचारायचं नाही. कोणीच नाही, मिसनीपण नाही. तिने स्वतःहून सांगितलं तर ऐकायचं.

हर्ष म्हणाला, "ऐसा क्यूं मिस?" मिसचे डॅडी भाईंदरला स्टीलच्या कारखान्यात होते. पत्रा दाबायच्या प्रेसवर. तिथे मशीन थांबवलं की सुपरवायझर येऊन विचारायचा, क्यूं रोका. म्हणून कोणी थांबवायचंच नाही. "डॅडीला आवाज आला होता. पण काय सांगू म्हणून विचार करत बसला. तेवढ्यात दोन बोटं..." मिसनी डबी माझ्या हातात ठेवली. आम्ही पुढचं नाही विचारलं.

घरी आईला नियम सांगितला. म्हणाली, "आपल्या घरात नको बाई हा नियम. तू आणि मी दिवसभर बटणच दाबत बसू."

२ ऑगस्ट, शनिवार

मिस सारख्या म्हणतात, यंत्राकडे बघू नको. यंत्राचं काय बिघडलं ते मागाहून कळतं. माणसं बघ, हात बघ. मी हात बघते. हर्षचे अंगठे. आयेशा नख चावते. प्रणितच्या हातांचा काही नेम नाही, ते कुठेही असतात.

आज प्रणित चेनला ग्रीस लावत होता आणि हर्षला वाटलं झालं. मोटर गुरगुरली. मी दाबलं. विचार नाहीच केला, अंगठाच गेला. सगळ्यांचे हात वर. प्रणितच्या काळ्या बोटांवरचं ग्रीस चेनपासून वीतभरावर. मग प्रणित म्हणाला, "वाचलो रं." आणि त्याने सगळ्यांना वडापाव आणला, मला दोन.

बाबा घ्यायला आले ते दारातूनच, "चल गं भागूबाई." झालं. आता टीममध्येपण मी भागू. आयेशाला वाटतंय लाडाचं नाव आहे. हर्षला मराठी चांगलं येतं, तो गालात हसला.

१७ ऑगस्ट, रविवार

सोसायटीची लिफ्ट बंद पडली. मोटरच जळली म्हणे. आम्ही पाचव्या मजल्यावर, आणि बाबा सेक्रेटरी, त्यामुळे सकाळपासून आमची बेल आणि बाबांची कटकट. कंपनीवाले म्हणतात पार्ट यायला वेळ लागेल. वरचे जोशी म्हणतात सेक्रेटरी बदला.

मला मनातून बरं वाटलं. लिफ्टची भीती गेली काही दिवस. आईला म्हटलं, आई हळूच म्हणाली, मलापण.

बाबा म्हणाले लालबागला चाळीत कुठे होती लिफ्ट, जिने चढूनच मोठे झालो.

३० ऑगस्ट, शनिवार

सोसायटीचा गणपती, बाबांच्या पायाला भिंगरी. खाली-वर, खाली-वर. आज आरतीचं ताट घेऊन मी त्यांच्या मागून चढत होते. दुसऱ्या मजल्यावर बाबा थांबले. फोन काढून कानाला लावला. "हां, बोला. हां. हां." मला हाताने खूण, तू हो पुढे.

मी शेजारून गेले तेव्हा फोनचा स्क्रीन दिसला. काळा होता. फोन आलाच नव्हता.

डावा हात गालावर होता. मी हात बघते ना आजकाल.

वर जाऊन ताट ठेवलं आणि खिडकीत उभी राहिले.

६ सप्टेंबर, शनिवार

बाबांची दाढ दुखते म्हणे. आईने लवंगेचं तेल दिलं, कापसावर. मला इतकं हलकं वाटलं. दाढच. माणसाला दाढ दुखते म्हणून सांगायची लाज वाटू शकते, म्हणून फोनचं नाटक. पटतंय. जवळजवळ.

गाळ्यावर बंड्याला उचकी लागलीय. हात मधेच अडतो, मग सुटतो. कधी अडेल सांगता येत नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार

उचकी सापडली. आयेशाने शोधली. ती बिघाड शोधायला लागली की तीनच प्रश्न विचारते, भांडल्यासारखी. "कब होता है? क्या करने पे होता है? रुकने पे रुकता है क्या?" हर्ष म्हणाला कभी भी होता है. "कभी भी कुछ नहीं होता. देख के बता." मग आम्ही बंड्याला रिकामा चालवला, एक रिंग देऊन चालवला, तीन देऊन चालवला. तीन रिंगा असल्या की वायर ताणते आणि आतून सुटते. रिकामा असला की गुणी बाळ.

सगळे खूश. मी घरी येईपर्यंत खूश होते. आमच्या बिल्डिंगच्या जिन्याशी आले आणि ते तीन प्रश्न माझ्याबरोबर वर चढायला लागले.

१८ सप्टेंबर, गुरुवार

मुद्दाम बघितलं. चार दिवस.

जेवताना दाढ दुखत नाही. परवा बाबांनी चिक्की खाल्ली, त्याच बाजूने, कडाकडा. झोपताना दुखत नाही. थंड पाण्याने नाही. आज ऑफिसातून आले, मी खाली दूध आणायला म्हणून थांबलेच होते, त्यांच्या मागून चढले. दुसरा मजला, फोन. गालावर हात. चौथा मजला, परत फोन. घरात येऊन पाच मिनिटं सोफ्यावर, की संपलं. गाणं म्हणत आंघोळीला.

कधी होतं: चढताना. काय केल्यावर: चढल्यावर. थांबल्यावर थांबतं का: हो.

दाढ फक्त जिन्यातच दुखते.

अशी दाढ नसते. आयेशाला विचारायची गरज नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

आईला सांगितलं. कणीक मळत होती. सगळं सांगितलं, फोन काळा होता ते, चिक्कीचं. ती मळायची थांबली. चेहरा पांढरा. मला वाटलं आता म्हणेल, चल डॉक्टरकडे.

म्हणाली, "असं अभद्र बोलू नकोस."

"आई, पण..."

"वास्तू तथास्तु म्हणत असते. परत तोंडातून काढू नको." आणि जोरजोरात मळायला लागली.

तिलाही कळलंय. कळलंय म्हणूनच ती ओरडली. आम्ही दोघी भित्र्या, पण तिची भीती गप्प बसते आणि माझी... माझी पण गप्पच बसली शेवटी. काय केलं मी? काही नाही. पोळ्या लाटल्या.

१२ ऑक्टोबर, रविवार

स्पर्धा. ठाण्याच्या कॉलेजात. पहिल्या तीन फेऱ्या जिंकलो. हर्ष असा चालवत होता की मलाच विसरायला झालं मी कशाला आलेय. मिसनी लांबूनच खुणावलं, हात बघ.

चौथी फेरी. ही जिंकलो की थेट वरच्या स्पर्धेत. शेवटचा खांब राहिला होता. प्रणित रेषेजवळ वाकून उभा, मान पुढे, नेहमीसारखा. बंड्याने हात उचलला आणि मला आवाज आला. कुर्र असा. बारीक. पूर्वी कधी न आलेला.

दाबलं.

बंड्या मेला. रिंग हातात तशीच. तिथला नियम असा की एकदा बंद पडलं की त्या फेरीत परत चालू नाही. बाकी तिघांचे हात वर, त्या एवढ्या गर्दीत, पोलिसांनी पकडल्यासारखे. समोरची टीम नाचत होती.

नंतर बंड्याला टेबलावर घेतलं. सगळं उघडून पाहिलं. काही नाही. चेन ठीक, मोटर ठीक, हात वर-खाली लोण्यासारखा.

कोणीच "का" विचारलं नाही.

विचारायला हवं होतं. मी म्हटलं असतं, आवाज आला. ते म्हणाले असते, आम्हाला नाही आला. भांडण झालं असतं. हर्ष टेम्पोतून उतरताना एवढंच म्हणाला, "रूल है इसलिए नहीं पूछ रहा."

१३ ऑक्टोबर, सोमवार

ग्रुपवर एकही मेसेज नाही. नेहमी सकाळी हर्ष काहीतरी फालतू टाकतो.

आवाज आला होता का? काल रात्रीपर्यंत आला होता. आज मला खात्री नाही. आई कुकर लावते तेव्हा मला शिट्टीच्या आधीच शिट्टी ऐकू येते. तसलंच काही असेल. भित्र्या माणसाच्या कानावर कोण विश्वास ठेवणार. मी स्वतः ठेवत नाही.

आणि समजा काहीतरी होणार होतं, आणि मी थांबवलं, तर ते झालंच नाही. जे झालंच नाही ते दाखवू कुठून?

१८ ऑक्टोबर, शनिवार

डिसेंबरात दुसरी संधी आहे, उरलेल्या टीमसाठी. गाळ्यावर गेले ती डबी परत द्यायलाच. मिसच्या समोर ठेवली. "दुसऱ्या कोणाला द्या."

मिसनी हात लावला नाही. प्रणित खाली बसून बंड्याचा खांदा उघडत होता. म्हणाला, "ह्यो स्क्रू बग ना. ढिला हाय." सगळे धावलो. खरंच ढिला. माझं काळीज उडालं. पण हर्ष म्हणाला, "टेम्पो में भी ढीला हो सकता है. कितने गड्ढे थे." तेही खरंच. घोडबंदर रोडवरून आलो आम्ही. त्या रस्त्यावर माणसांचेच स्क्रू ढिले होतात.

म्हणजे कळणार नाहीच. कधीच.

प्रणितने दोन्ही पंजे माझ्यासमोर धरले. "धा हायेत का? मोज. मंग झाला तं." हर्ष स्क्रू आवळत राहिला. आयेशा म्हणाली, "भागू, मेरा कोड दस बार गलत होता है, मैं लॅपटॉप वापस नहीं करती."

मिस निघताना म्हणाल्या, "बघ हां. तू चुकून थांबवलंस तर बंड्या परत चालू होतो. आज झाला ना? उलटं चुकलीस तर तसं नाही."

डबी बॅगेत आहे.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊबीज. आत्या आणि काका आलेले. बाबा त्यांना आणायला खाली गेले आणि वर आले ते घामाघूम, गाल धरून. सगळे सोफ्यावर. मी ठरवलंच होतं. म्हटलं, "बाबा, डॉक्टरला दाखवा. ही दाढ नाहीये."

बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग हसले. "ठाण्यात एक बटण दाबलंस, तेवढं पुरे की गं. आता घरातपण?" काका हसले. आत्याने विचारलं कसलं बटण, आणि बाबांनी अख्खी गोष्ट सांगितली, हात वर केलेली आमची टीम, अॅक्शन करून. सगळे इतके हसले. मीपण हसले. काय करणार.

आई हसली नाही. ती आत गेली.

बाबांचा राग नाही आला. लाज वाटली, आणि लाजेच्या खाली भीती तशीच बसलेली.

५ नोव्हेंबर, बुधवार

लिफ्ट सुरू. बाबांनी पेढे वाटले, जोशींना दोन. लवंगेच्या तेलाची बाटली परत फडताळात गेली. आई किती दिवसांनी गुणगुणत होती. "बघ, गेली ना दाढ," मला म्हणाली. आवाजात काकुळती होती, हो म्हण म्हणून. मी हो म्हटलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

गाळ्यावर आयेशाला विचारलं, नाव न घेता. समजा एखाद्या मशीनवरचा भार काढला आणि ते नीट चाललं, तर बरं झालं म्हणायचं का? तिने लॅपटॉपवरून मान वर केली नाही. "लोड हटा दो तो सब चलता है. ठीक थोड़ी हुआ."

माहीत होतं. उगाच विचारलं.

बंड्या आता चार रिंगा नेतो. आज मी एकदाही दाबलं नाही. एकदा दाबायला हवं होतं बहुतेक, प्रणितची बाही चेनजवळ गेली होती. अंगठा बटणावर होता आणि मी विचार करत बसले, की परत काही नसलं तर. बाही आपणहून बाजूला झाली. कोणाच्या लक्षातही आलं नाही. मिसचे डॅडी असेच थांबले असतील.

२२ नोव्हेंबर, शनिवार

उद्या विरारला गडावर, देवीला. काकांची गाडी. बाबांचा नवस होता लिफ्टसाठी, मार्गशीर्ष लागला की पायी चढून येईन म्हणून. सेक्रेटरी लोक कशासाठी नवस करतील काही सांगता येत नाही. रोप-वे आहे, मी म्हटलं. बाबा म्हणाले, "नवस पायांनी बोललाय, दोरीने नाही."

एवढ्या पायऱ्या. ऊन. काकांशी पैज लावणार, दरवर्षी लावतात.

आईने नारळ, ओटीचं सामान भरलं. भरताना तीच तीच पिशवी तीनदा सोडून बांधली. माझ्याकडे बघत नव्हती.

काय करू. काही नसलं तर परत सगळे हसतील, जन्मभर सांगतील. असलं तर

२३ नोव्हेंबर, रविवार

दाबलं.

जमेल तसं लिहिते. गडाच्या पायथ्याशी चपला काढल्या. काका आणि बाबा पुढे. पहिल्या वळणापर्यंत बाबा भरभर गेले, हसत. मी त्यांचे हात बघत होते. वळणावर उजवा हात कठड्याला. मग डावा वर गेला, गालावर. मग खिशात, फोनकडे.

मी पळत पुढे गेले आणि त्यांच्या वरच्या पायरीवर आडवी उभी राहिले. "थांबा. चढायचं नाही."

"का गं? काय झालं?"

"का विचारायचं नाही."

मागे लोकांची रांग. कोणीतरी म्हणालं, ताई चलो ना आगे. काका म्हणाले, "अरे, काय पोरकटपणा आहे हा." बाबांचा चेहरा लाल झाला. मला बाबा कधी ओरडत नाहीत. आज ओरडले, "बाजूला हो. देवाच्या दारात तमाशा नको." खाली बसले, पायरीवर, त्यांच्या वाटेत. रडायला येत होतं, तेही आलं. पण उठले नाही.

बाबांनी मला ओलांडायला पाय उचलला. मागून आई आली, धापा टाकत, ओटीची पिशवी छातीशी धरून. मला वाटलं आता ही पण. तिने पिशवी पायरीवर ठेवली. दोन्ही हात वर केले. तळवे पुढे. इतक्या लोकांत.

"तिने बटण दाबलंय," म्हणाली. "खाली चला."

माझी आई. जी अनोळखी माणसाला पत्तासुद्धा विचारत नाही.

बाबा तिच्याकडे बघतच राहिले. मग कठडा धरून हळूहळू खाली उतरले. काकांनी नारळ वर नेला. आई देवीला खालूनच काय काय सांगत होती.

येताना जेसल पार्कला आमच्या डॉक्टरांकडे, रविवार असून त्यांनी उघडलं. ईसीजीची पट्टी काढली. म्हणाले पट्टीत तसं काही दिसत नाही. काकांनी माझ्याकडे बघितलं. जमिनीत जावंसं वाटलं. मग डॉक्टरांनी बाबांना विचारलं, कधी होतं, काय केल्यावर होतं? बाबा शर्टाची बटणं लावत राहिले. मी सांगितलं. थांबल्यावर थांबतं, तेपण. लिफ्ट सुरू झाल्यावर गेलं, तेपण. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "किती दिवसांपासून बघतेस हे?" गणपतीपासून. ते आईला म्हणाले, फिरत्या पट्ट्यावर चालवून हार्ट तपासू, परवाच करा, टाळू नका. तोपर्यंत जिने चढायचे नाहीत. जिभेखाली ठेवायची गोळी दिलीय.

२४ नोव्हेंबर, सोमवार

बाबा बोलत नाहीत माझ्याशी. रागाने नाही, कसे तरी. सकाळी पेपर वाचत होते, पान उलटत नव्हते. मग कळलं. त्यांनाही भीती वाटते. मला वाटायचं घरात कोणीतरी एक न घाबरणारं आहे म्हणून आपण निवांत घाबरावं.

हर्षचा मेसेज. मी प्रणितला सांगितलं होतं, त्याने सगळीकडे केलं असणार. "सुना. अंकल ठीक?" आणि थोड्या वेळाने, "डबा तेरे पास ही रहेगा. डिसेंबर में भी." उत्तर नाही दिलं अजून.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

दवाखान्यात, बाहेरच्या बाकावर. आई जप करतेय, ओठ हलतायत.

दार उघडं होतं तेव्हा आत बघितलं. जिममध्ये असतो तसला पट्टा, समोर आडवा दांडा. आणि दांड्यावर लाल बटण. अगदी आपल्यासारखं, जरा मोठं. बाबांच्या छातीवर वायरी लावत होता एक दादा, मोबाइल खांद्यात धरून बोलत. मला धडकीच भरली. त्याला विचारलं, "ते बटण कोणाकडे असतं?" हसला. "डॉक्टर असतात गं आत. तू बाहेर बस."

बाबांनी ऐकलं. रविवारपासून पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. वायरी लोंबत होत्या तशाच त्यांनी दोन्ही हात वर केले, तळवे दाखवले. चेष्टा करत होते की नव्हते, मला कळलं नाही. दार लागलं.

ठाण्यात मला किती वाटलं होतं, काहीतरी सापडू दे, गिअरचा एक तुटलेला दात, एक ओरखडा, म्हणजे मी खरी ठरेन. आज नको. आज मला चूक ठरायचंय. कोणीतरी बाहेर येऊन म्हणू दे, काही नाही हो, उगाच आणलंत. काका हसू देत. भाऊबीजेला परत सगळी गोष्ट अॅक्शन करून सांगू देत बाबा, गडाची, पायरीवर रडत बसलेल्या भागूबाईची. दर वर्षी सांगू देत.

आत पट्टा सुरू झालाय. आधी हळू. मग आवाज वाढला. बाबांची पावलं ऐकू येतायत, धप धप, लालबागच्या जिन्यातली असतील तशी. आणखी वाढला. आईने माझा हात धरला, म्हणून अक्षर असं.

पट्टा थांबला.

वेळ झाली म्हणून थांबला, की कोणी थांबवला